मोटारसायकलचा नाद : त्याचा उदय आणि ओहोटी



आमच्या घराच्या मागील सोप्यांत एक मोटारसायकल उभी आहे. ती १९६९ सालची जावा आहे. माझ्या थोरल्या बंधूंनीं ती हौसेनें घेतली, चाळीसांहून अधिक वर्षें चालविली, आणि शेवटच्या आजारांत ती माझ्या स्वाधीन केली. धूळ बसूं नये म्हणून मीं तिच्यावर एक जुनें धोतर पांघरून ठेवलें आहे. गेल्या पाडव्याला बंधूंचा नातू घरीं आला होता. वय वीस वर्षांचें. कॉलेजांत यंत्रशास्त्र शिकतो. मीं त्याला सोप्यांत नेलें, धोतर बाजूला सारलें आणि म्हटलें, "ही आतां तुझी." त्यानें टाकीवरून हात फिरविला, क्षणभर विचार केला, आणि फार नम्रपणें तो म्हणाला, "आजोबा, राग मानूं नका, पण मी ही घेऊन काय करूं? कुठें जायचें असलें तर आईची स्कूटर आहे. नुसतें फिरायचें म्हणून गाडी काढायची, हें मला कळत नाहीं. तुम्ही दोघे कशासाठीं जात होतां?"

त्याची आई दारांत उभी होती. मुलाचें हें उत्तर ऐकून तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो भाव उमटला, तो माझ्या नजरेंतून निसटला नाहीं. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. आजचें माझें भाषण म्हणजे तें उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

कोल्हापुरांत 'नाद' या शब्दाला कांहीं वेगळें वजन आहे. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, कबुतरांचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद असे शब्दप्रयोग येथें नित्य ऐकूं येतात. ज्यापासून कांहीं मिळवावयाचें नसतें, आणि तरीहि ज्याच्यापायीं वेळ, पैसा व अंगमेहनत वेंचण्यांत माणसाला धन्यता वाटते, त्याला आम्ही नाद म्हणतों. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून कुस्तीच्या नादाला दगडामातीचें घर दिलें. मोटारसायकलच्या नादाला असें घर कधीं लाभलें नाहीं. तो रस्त्यावर जन्मला आणि रस्त्यावरच वाढला. म्हणूनच तो केव्हां ओसरूं लागला हेंहि कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

येथें एक खुलासा करावयास हवा. दुचाकी वाहनांची आज कोल्हापुरांत मुळींच वाण नाहीं. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळीं पांच मिनिटें उभें राहिलें तर दुचाक्यांचा लोंढा पाहून माणूस गोंधळून जाईल. परंतु वाहन वेगळें आणि नाद वेगळा. पाण्याला जाणारा प्रत्येक मनुष्य पोहणारा नसतो. वाहनें शतपट वाढलीं आणि त्याच काळांत नाद क्षीण होत गेला, हीच या इतिहासांतील चमत्कारिक गोष्ट आहे.

मोटारसायकलचा जन्म झाला तोच मुळीं आडवाटेनें. जर्मनींतील गोटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं एका लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें लहानसें इंजिन बसविलें. चांगलीशी दुचाकी तयार करावी हा त्यांचा हेतु नव्हता. आपलें इंजिन चालतें कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. यांतील मायबाख हें नांव कोल्हापूरकरांना नवें नाहीं. दसऱ्याच्या सोहळ्यांत छत्रपतींच्या घराण्याची जी भगव्या रंगाची 'मेबॅक' मोटार दसरा चौकांत येते, ती याच मायबाखच्या आणि त्याच्या पुत्राच्या कारखान्याच्या नांवाची. ज्या माणसाच्या हातून जगांतील पहिली मोटारसायकल तयार झाली, त्याच्या नांवाचा रथ आमच्या गांवीं पूजेच्या दिवशीं मिरवतो, हा योगायोग मला नेहमींच मौजेचा वाटत आला आहे.

पुढें इंग्लंडांत या यंत्राला खरें बाळसें आलें. १९०७ सालीं आइल ऑफ मॅन या बेटावर 'टूरिस्ट ट्रॉफी'ची शर्यत सुरू झाली. पहिल्या महायुद्धांत निरोप पोंचविणाऱ्या शिपायांनीं मोटारसायकली चिखलांतून हांकल्या, आणि युद्धानंतर त्याच गाड्या सामान्य कारागिराच्या घरीं आल्या. मोटार घेण्याची ऐपत नसलेलें इंग्रज कुटुंब मोटारसायकलला बाजूची गाडी जोडून रविवारीं समुद्रकांठीं जाऊं लागलें. १९३२ सालीं रॉबर्ट फुल्टन नांवाचा एक अमेरिकन तरुण लंडनहून एका डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि वाळवंटें तुडवीत हिंदुस्थानांतूनहि गेला. अशा प्रवासाला कांहीं प्रयोजन लागतें असें त्या काळच्या तरुणांना वाटत नव्हतें. रस्ता कोठें तरी जातो, एवढें कारण त्यांना पुरे होई.

आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीं हीं यंत्रें परदेशांतून येत आणि तीं संस्थानिक, गोरे अधिकारी व मोजके सधन लोक यांच्याकडेच दिसत. लोकांनीं मात्र तिच्या आवाजावरून तिला लगेच 'फटफटी' असें नांव देऊन आपलीशी केलें. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरील गस्तीसाठीं लष्करानें इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड कंपनीच्या बुलेट गाड्या निवडल्या, आणि त्यांतून १९५५ सालीं मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९६१ सालीं म्हैसूरच्या आयडियल जावा या कारखान्यांतून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बाहेर पडूं लागल्या; इराणी नांवाच्या पारशी गृहस्थांचें तें साहस होतें आणि म्हैसूरच्या महाराजांचा त्याला आश्रय होता. १९७३ पासून त्याच गाड्या 'येझदी' या नांवानें निघूं लागल्या. तिकडे उत्तरेंत एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडच्या नमुन्यावर राजदूत बनविली. मजबूत, ओझ्याला खंबीर आणि खेड्यांतील रस्त्यांना न डगमगणारी ही गाडी दूधवाल्यांनीं उचलली. १९७३ सालीं 'बॉबी' चित्रपटांत राजदूतचीच एक छोटी गाडी झळकली आणि त्या गाडीला लोक 'बॉबी'च म्हणूं लागले. दूधवाल्याच्या कासंड्या वाहणाऱ्या यंत्राचा धाकटा भाऊ प्रेमी जनांचें वाहन झाला!

या नादाला कोल्हापूरची भूमि जणूं काय घडवूनच ठेवली होती. शहर सपाटीवर, आणि पश्चिमेस थोड्या अंतरावर सह्याद्रीची रांग. पन्हाळा अवघ्या वीस किलोमीटरांवर. गगनबावडा सुमारें पंचावन्न किलोमीटर, आणि तेथून करूळ व भुईबावडा असे दोन घाट कोंकणांत उतरतात. राधानगरीच्या वाटेनें गेलें तर फोंडा घाट, मलकापूरच्या वाटेनें गेलें तर आंबा घाट. सकाळीं निघून घाटमाथा पाहावा आणि दिवेलागणीस रंकाळ्यावर परत यावें, इतक्या बेतांत हीं सारीं स्थळें आहेत. अशी सोय महाराष्ट्रांतील फार थोड्या शहरांच्या वांट्यास आली असेल.

दुसरें कारण म्हणजे येथील मिस्त्री. कोल्हापूरच्या हातांत यंत्रविद्या जुनी आहे. बाबुराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास याच गांवीं स्वतःच्या हातानें चित्रपटाचा कॅमेरा सिद्ध केला आणि त्याच्या बळावर १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. शिवाजी उद्यमनगरांतील ओतकाम करणारे, लेथ चालविणारे, ऑइल इंजिनें बांधणारे कारागीर याच परंपरेंतले. उसाच्या मळ्यावर पाणी खेंचणारें इंजिन ज्याला दुरुस्त करतां येई, त्याला येझदीचें इंजिन म्हणजे हातचा मळ वाटे. परदेशी गाडीचा एखादा भाग मिळेनासा झाला तर उद्यमनगरांत तो ओतून, कातून मिळत असे. मिस्त्री कानानें आजार ओळखी. गाडी दारांत उभी राहतांच, "क्लच घासलाय, आणि पेट्रोलांत तेल जास्त घालतां तुम्ही," असें तो हात न लावतां सांगे.

आमच्या रविवारांविषयीं आतां थोडें सांगतों. बंधु पहांटे उठून गाडी पुसत. पेट्रोलमध्यें मापानें तेल मिसळावयाचें, प्लग काढून घांसावयाचा, साखळीचा ताण पाहावयाचा, मग किक मारावयाची. जावाची एक गंमत अशी कीं, किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली कीं तोच दांडा पुढें वळवून गिअरसाठीं वापरावयाचा. नवशिक्याला हें समजावून सांगतांना बंधूंच्या चेहऱ्यावर शाळामास्तरांचा भाव येई. मग चार-पांच गाड्या मिळून शिवाजी पूल ओलांडीत. केर्ली मागें पडे, वाघबिळाचा चढ लागे, इंजिनाचा स्वर बदले. त्या चढावर कोणाची ना कोणाची गाडी बंद पडणारच, हें जणूं ठरलेलें असे. मग सर्वांनीं थांबावयाचें, रस्त्याच्या कडेला पाने पसरावयाचे, आणि ज्याचा तर्क खरा ठरेल त्यानें गडावर झुणका-भाकर इतरांकडून खावयाची. तेथें पोंचल्यावर आम्हीं काय केलें असें कोणी विचारलें, तर सांगण्यासारखें कांहीं नाहीं. तटावर बसलों, वारा खाल्ला, खालीं उतरलों. परंतु त्या वीस किलोमीटरांत प्रत्येक वळण, प्रत्येक चढ आणि यंत्राचा प्रत्येक श्वास आमच्या अंगांत उतरे.

या नादाला लागणारीं साधनें तीन होतीं : मोकळा रस्ता, मोकळा वेळ आणि अपुरें यंत्र. तिसऱ्या शब्दाचें आपणांस नवल वाटेल. परंतु यंत्र अपुरें होतें म्हणूनच त्याला माणसाची गरज होती. बरोबर याच ठिकाणीं काळानें पहिला घाव घातला.

१९८५ सालीं हीरो होंडा कंपनीची शंभर सीसीची गाडी बाजारांत आली. एका लिटरांत ऐंशी किलोमीटरांची ग्वाही ती देत असे, पेट्रोलांत तेल मिसळावें लागत नसे आणि ती क्वचितच बंद पडे. तिच्या जाहिरातीचा आशय असा होता कीं, टाकी भरा, झांकण लावा आणि विसरून जा. गरीब व मध्यम स्थितींतील माणसाच्या दृष्टीनें ही मोठीच कृपा होती, आणि तिला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. ज्याला रोज तीस किलोमीटर कामावर जावें लागतें, त्याला वाघबिळाच्या चढावर प्लग घांसण्यांत कसलें काव्य दिसणार? परंतु 'विसरून जा' या शब्दांत सर्व कांहीं आलें. नाद हा तर आठवणीवर जगतो. जें यंत्र विसरतां येतें, त्याचा नाद लागत नाहीं.

त्याच सुमारास यामाहाची आर. एक्स. १०० आणि त्याआधीं १९८३ मध्यें आलेली राजदूत ३५० या गाड्यांनीं वेगाच्या भोक्त्यांना वेड लावलें, हें खरें. परंतु तें दिवा मालवण्यापूर्वींचें तेज होतें. धुराविषयींचे नियम १९९६ आणि २००० सालीं कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या मोटारसायकलींचे दिवस भरले. आर. एक्स. १०० चें उत्पादन १९९६ सालीं थांबलें. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखानाहि त्याच वर्षीं बंद पडला. इकडे १९८३ पासून मारुतीच्या छोट्या मोटारीनें मध्यमवर्गाला चार चाकांचें स्वप्न दाखविलेंच होतें. २००१ सालीं एकीकडे बजाजची पल्सर आणि दुसरीकडे होंडाची ॲक्टिव्हा अशा दोन गाड्या आल्या. पल्सरनें कांहीं काळ तरुणांची मनें जिंकलीं. परंतु अखेरीस घराघरांत शिरली ती गिअर नसलेली स्कूटर. ती आई चालविते, मुलगी चालविते, आजोबाहि चालवितात. २०१८-१९ सालीं देशांत दोन कोटींहून अधिक दुचाक्या विकल्या गेल्या, आणि त्यांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश स्कूटरी होत्या. स्त्रियांना या स्कूटरनें जें स्वातंत्र्य दिलें, तें आमच्या साऱ्या रविवारांहून मोठें आहे, हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों.

रस्तेहि बदलले. पुणें-बंगलोर महामार्ग चौपदरी झाला आणि साताऱ्याकडे जाणारा वळणावळणांचा प्रवास सरळ झाला. सरळ रस्त्यावर लहान गाडीला मान नसतो. तेथें मालमोटारींच्या वाऱ्यानें ती थरथरते. ज्या रस्त्यावर मनुष्य केवळ लवकर पोंचण्यासाठीं जातो, त्या रस्त्यावर रमतगमत जाणारा हा सर्वांनाच अडथळा वाटतो.

हें केवळ आमच्याच गांवीं घडलें असें नाहीं. इंग्लंडांत १९६० च्या सुमारास मोटारसायकलींची संख्या शिखराला पोंचली. १९५९ सालीं आलेल्या 'मिनी' या स्वस्त मोटारीनें उतार सुरू केला आणि १९७३ मध्यें बी. एस. ए.सारखें जगप्रसिद्ध घराणें कोसळलें. अमेरिकेंत २००६ सालीं सुमारें अकरा लाख नव्या गाड्या खपल्या. चार वर्षांत तो आंकडा निम्म्याच्याहि खालीं गेला. त्याहून बोलका दुसरा आंकडा आहे. तेथील मोटारसायकलस्वारांचें मध्यम वय १९९० सालीं ३२ होतें, तें २०१८ सालीं ५० झालें. म्हणजे बव्हंशीं तोच पिढीचा घोळका अठ्ठावीस वर्षांत अठरा वर्षांनीं म्हातारा झाला, आणि त्याच्या मागून पुरेसें तरुण आलेच नाहींत. जपानची कथा तर सर्वांत विलक्षण. जगाला मोटारसायकली पुरविणाऱ्या त्या देशांत १९८२ सालीं बत्तीस लाखांहून अधिक गाड्या खपल्या. त्याच वर्षीं पालक-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघानें शाळकरी मुलांसाठीं 'तीन नकार' पुकारले : परवाना काढूं द्यावयाचा नाहीं, गाडी घेऊं द्यावयाची नाहीं, चालवूं द्यावयाची नाहीं. पुढें साडेतीन दशकांत खप चार लाखांच्या आसपास आला, आणि नवी गाडी घेणाऱ्याचें सरासरी वय पन्नाशीच्या पुढें गेलें. एकट्या नकारांनीं हें झालें असें मी म्हणत नाहीं. तेथें जन्मप्रमाण घटलें, शहरांत गाडी ठेवावयास जागा उरली नाहीं, आगगाड्या उत्तम झाल्या. परंतु सोळाव्या वर्षीं जो नाद लागत नाहीं, तो तिसाव्या वर्षीं सहसा लागत नाहीं, एवढा बोध त्यांतून घेतां येतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, आपल्याकडे तर रॉयल एन्फील्डचा खप २०१० सालच्या पन्नास हजारांच्या आसपास होता, तो २०१८-१९ मध्यें आठ लाखांवर गेला. २०१८ सालीं जावाचें आणि २०२२ सालीं येझदीचें नांव पुन्हां बाजारांत आलें. गोव्यास दरवर्षीं मोटारसायकलवाल्यांचे मेळे भरतात. मग ओहोटी कसली? आक्षेप रास्त आहे, आणि त्यांतील आंकडे खरे आहेत. परंतु विकत काय घेतलें जातें तें पाहावें. जुन्या गाडीचें रूप, जुना आवाज आणि जुनें नांव हें सारें नव्या, न बिघडणाऱ्या यंत्रावर चढवून विकलें जातें. गाडीबरोबर कोट, बूट, हातमोजे आणि लडाखची सहल यांचीहि किंमत मोजावी लागते. स्वस्त, मोडक्या गाडीवर रविवारीं पन्हाळ्यास जाणारा कारखान्यांतील जोडारी या चित्रांत बसत नाहीं. हौस टिकली, पण ती कमावत्या, सावध आणि वयानें जरा पुढें गेलेल्या गृहस्थांची झाली. विशीच्या मुलाला ती बहुधा परवडत नाहीं, आणि ज्यांना परवडते त्यांतील अनेकांना तिचें अगत्य वाटत नाहीं.

आतां मी त्या दारांत उभ्या असलेल्या आईकडे वळतों. आमच्या रविवारच्या मंडळींत एक तरुण होता. हसरा, गाणारा, आणि सर्वांत उत्तम गाडी चालविणारा. १९७८ सालीं पुण्याहून परत येतांना रात्रीं रस्त्यावर दिवा न लावतां उभ्या केलेल्या मालमोटारीवर तो आदळला. वय तेवीस. शिरस्त्राण त्या काळीं आम्ही कोणीच घालीत नव्हतों. तें भित्रेपणाचें लक्षण समजलें जाई. त्याच्या आईला पुढें जन्मभर फटफटीचा आवाज सोसला नाहीं. त्यांच्या गल्लींतून जावयाचें असलें कीं, बंधु तोंडाशींच इंजिन बंद करीत आणि ती जड गाडी ढकलीत दुसऱ्या टोंकास नेत. ती माउली जाईपर्यंत त्यांनीं हा नेम कधीं मोडला नाहीं.

२०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत शंभरांतील चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. अशा मृतांत भरणा असतो तो तरुणांचा आणि कर्त्या माणसांचा. २०१९ सालीं मोटार-वाहन कायद्यांत झालेल्या सुधारणेनें अल्पवयी मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आहे. जुन्या आठवणींचे गोडवे गातांना हें सारें विसरणें म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. नाद ओसरल्यामुळें कांहीं घरांतले दिवे विझावयाचे राहिले असतील, तर त्या ओहोटीचें स्वागतच केलें पाहिजे. ती मुलाची आई सुटकेचा श्वास सोडते, तेव्हां ती माझ्या यंत्राचा अपमान करीत नसते.

मग खंत तरी कशाची करावयाची? मला वाटतें, खंत करावयाची ती वेगाची नव्हे, तर दोन ओळखींची. एक ओळख यंत्राची आणि दुसरी मुलखाची. आमचा नातू यंत्रशास्त्र शिकतो. इंजिनाचें चित्र संगणकावर चारहि बाजूंनीं फिरवून दाखवितो. परंतु तापलेल्या इंजिनाचा प्लग त्यानें कधीं फडक्यांत धरून काढला नव्हता. उद्यमनगरांतील जुने मिस्त्री एकेक करून थकत चालले आहेत. त्यांचें कानाचें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत उतरलेलें नाहीं. तें त्यांच्याबरोबर गेलें, तर कॅमेऱ्यापासून चालत आलेल्या एका परंपरेचा धागा तुटेल. आपल्या तंत्रशाळांनीं आठवड्यांतून एक दिवस अशा एखाद्या मिस्त्रीस सन्मानानें बोलवावें, एखादें मोडकें इंजिन मधोमध ठेवावें आणि मुलांना हात काळे करूं द्यावे, एवढें तरी सहज करण्यासारखें आहे.

दुसऱ्या ओळखीच्या बाबतींत मात्र मी चुकत होतों, आणि ती चूक नातवानेंच माझ्या पदरीं घातली. तरुणांचा नादच मेला आहे अशी माझी समजूत होती. पण शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला म्हणजे पेठा रिकाम्या पडतात. वेगाची हौस असणाऱ्यांसाठीं कोल्हापुरांत कार्टिंगचा बंदिस्त मार्गहि झाला. रस्त्यावरील जीवघेणा वेग कुंपणाच्या आंत गेला, हें उत्तमच झालें. आणि आषाढांत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे भर पावसांत चालत जाणाऱ्या मुलामुलींचे तांडे पाहिले म्हणजे थक्क व्हावें लागतें. १६६० सालच्या जुलैंत शिवाजी महाराज सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून ज्या वाटेनें निसटले आणि बाजीप्रभूंनीं ज्या खिंडींत देह ठेवला, ती वाट हीं मुलें चिखल तुडवीत चालतात.

यंदा आषाढांत नातवाचा निरोप आला. "आजोबा, पहांटे पांचला पन्हाळ्यावर पोंचायचें आहे, एवढ्या लवकर एस. टी. नाहीं. सोडाल का?" मीं जावा काढली. दोघांनींहि शिरस्त्राणें घातलीं, त्याच्या आईनें स्वतः त्याचा पट्टा ओढून पाहिला आणि मला म्हणाली, "काका, सावकाश." मीं गाडी सावकाशच नेली. शिवाजी पूल मागें पडला, केर्ली गेली, आणि वाघबिळाच्या चढावर पावसांत गाडीनें नेहमींप्रमाणें मान टाकली. मीं पाना काढला. नातवानें फोनचा उजेड धरला. प्लग भिजला होता. तो काढला, पुसला, ठिणगी पाहिली आणि पुन्हां बसविला. त्यानें दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही प्रश्न बरोबर होते. दुसऱ्या किकेला इंजिन बोललें.

गडावर धुकें होतें. त्याचे सोबती वाट पाहात होते. उतरतांना तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही येथपर्यंत इतकीं वर्षें आलांत, येथून पुढें कधीं चालत गेलांत का?" मी गेलों नव्हतों. पन्हाळ्याचें प्रत्येक वळण मला पाठ होतें. पण ज्या वाटेसाठीं पन्हाळा इतिहासांत अमर झाला, त्या वाटेवर मीं पाऊल टाकलेलें नव्हतें. आम्ही तटावर बसून परत फिरत होतों; हीं मुलें तेथून पुढें निघत होतीं.

ती गाडी कोणाची, हें अजून ठरलेलें नाहीं. एखाद्या रविवारीं कार्बोरेटर कसा उघडतात तें पाहावयास येतों, असें तो म्हणाला आहे. येईल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. त्याच्या परीक्षा आहेत. आला तर मी त्याला दाखवीन. आणि पुढच्या आषाढांत गुडघ्यांनीं साथ दिली, तर त्याच्याबरोबर निदान मसाई पठारापर्यंत पायीं जाण्याचा माझाहि विचार आहे.